चाकांवरचे न्हाणीघर आणि रुसलेला फवारा

चाकांवरचे घर ही गोष्ट आता इंग्रजी चित्रपटापुरती राहिलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, कर्नाटकाच्या पर्यटन धोरणातही कॅरव्हॅनला जागा मिळाली. आपल्या बेळगाव, निपाणी, कोल्हापूर पट्ट्यातही टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून आत पलंग, ओटा, टाकी बसवून घेणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. अशी गाडी बघायला गेलेले लोक काय विचारतात? ॲव्हरेज किती, झोपायला किती जणांची सोय, एसी आहे का. न्हाणीघराचे दार उघडून शॉवर सोडून बघणारा क्वचितच. आणि प्रवासाच्या चौथ्या दिवशी घरच्या मंडळींत जो पहिला वाद होतो, तो बहुतेक वेळा आंघोळीवरूनच होतो.

आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने अशी गाडी करून घेतली आणि पहिलाच लांबचा प्रवास ठरवला तो भोपाळचा. लेक तिथे पिपलानीला, भेलच्या वसाहतीजवळ राहते. एरवी ही मंडळी गोवा एक्स्प्रेसने जातात, बेळगावला बसले की थेट भोपाळला उतरायचे. या वेळी मात्र पुणे, धुळे, सेंधवा, इंदूर असे करत अकराशेच्या आसपास किलोमीटर गाडीने गेले. सोबत अज्जी होत्या. अज्जी म्हणजे घरच्या सूनबाईंच्या आई, बैलहोंगलकडच्या. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालते. अज्जी रागावल्या की फक्त कन्नड.

अज्जींचा उजवा खांदा आखडलेला. तांब्या डोक्यापर्यंत उचलवत नाही. घरी त्या भिंतीवरच्या शॉवरखाली स्टुलावर बसून न्हातात, कुणाची मदत घेत नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. म्हणून गाडीत शॉवर हवाच हा त्यांचा हट्ट होता आणि तो रास्तही होता. भोपाळला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी न्हाणीघरातून आवाज आला, ‘नीर बरवल्दु!’ पाणी येत नाही. पाणी येत होते, पण दाढीच्या फेसालाही पुरले नसते इतके. केसांना शिकेकाई लावून बसलेल्या बाईला तेवढ्या धारेत काय करता येणार? शेवटी लेकीनेच आत जाऊन तांब्याने पाणी घातले. अज्जी काही बोलल्या नाहीत, पण दुपारच्या जेवणात त्यांनी परतीच्या रेल्वे तिकिटाची चौकशी केली.

भोपाळकरांना उंची पाठ असते

पाण्याला जोर येतो कुठून, हा प्रश्न विचारायला भोपाळइतके चांगले गाव नाही. सगळे शहर तलावाभोवती वसलेले. अकराव्या शतकात राजा भोजाने मातीचा बांध घालून मोठा तलाव केला असे मानले जाते. त्याच्याच खालच्या अंगाला १७९४ मध्ये नवाबांचे मंत्री छोटे खान यांनी छोटा तलाव बांधला. आजच्या कमला पार्कच्या बाजूला उभे राहिले की एका हाताला वरचे पाणी आणि दुसऱ्या हाताला खालचे, असे चित्र दिसते. पावसाळ्यात तिथल्या वर्तमानपत्रांत रोज एक आकडा छापला जातो. तलाव भरला म्हणजे पातळी १६६६.८० फूट. त्यापुढे गेले की भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि अर्धे शहर ते बघायला जाते. आपल्याकडे राकसकोप भरले की जसे वातावरण असते तसेच. रिक्षावाल्यालाही तलावाची उंची फुटांत पाठ, असे गाव दुसरे नसेल.

भोपाळचा आणि आपला आणखी एक धागा आहे. ज्या १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात आले, त्याच दिवशी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबे तेव्हा बदली होऊन तिकडे गेली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने पुढे आणखी माणसे नेली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या भागांत म्हणूनच आजही मराठी पाट्या दिसतात.

तर उंची. पाणी जितक्या उंचीवरून खाली येते तितका त्याला जोर. हिशेब सोपा आहे: दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब. गच्चीवरच्या टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापासून दोन मीटर वर असेल तर दाब मिळतो फक्त एक पंचमांश किलो. म्हणूनच दोन मजली घरात खालच्या न्हाणीघरात पाणी धो धो येते आणि वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्याला ते सर्वांत कमी मिळते. पाहुण्यांना हे पटत नाही. ‘टाकी डोक्यावर आहे की ओ, मग पाणी का नाही?’ डोक्यावर आहे म्हणूनच नाही.

गाडीत तर प्रकार उलटा. टाकी पलंगाखाली किंवा गाडीच्या पोटाखाली आणि शॉवर डोक्यावर. पाण्याने वर चढायचे. रेल्वेच्या जुन्या निळ्या डब्यांत टाकी छताशी असायची, नळ दाबला की पाणी आपल्या वजनाने खाली यायचे. नव्या एलएचबी डब्यांत मुख्य टाक्या डब्याखाली गेल्या आणि पाणी वर ढकलायला पंप आला. आपली गाडी या नव्या डब्याच्या जातीची. इथे उंचीची मदत शून्य, सगळा भार बारा व्होल्टच्या एका छोट्या पंपावर. हा पंप शिवणयंत्राच्या मोटारीपेक्षा फार मोठा नसतो. चांगल्या स्थितीत तो मिनिटाला दहाएक लिटर पाणी देतो, आणि नळ बंद झाला की दाब वाढून अडीच ते चार किलोच्या दरम्यान कुठेतरी आपोआप थांबतो.

लोटा आणि सेकंदकाटा

पिपलानीत जावयांनी ओळखीचा एक कारागीर बोलावला. त्याने न्हाणीघरात डोकावून दोन मिनिटांत निकाल दिला: पंप लहान आहे, मोठा बसवा. पंप बदलणे हा असा सल्ला आहे की तो चुकला तरी देणाऱ्याचे काही जात नाही. जावई स्वतः कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस. त्यांनी कारागिराला चहा पाजून परत पाठवले आणि स्वयंपाकघरातून एक लिटरचे माप मागवले.

पुढे जे झाले ते सांगण्यासाठीच हा लेख. ही पद्धत गाडीत चालते तशी घरातही चालते, आणि तिला एक लोटा आणि हातातले घड्याळ यापलीकडे काही लागत नाही.

प्रत्येक तोटीखाली लिटरचे माप धरायचे आणि ते किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवायचे. ओट्यावरचा नळ, बेसिनचा नळ, शॉवर. थंड वेगळे, गरम वेगळे. तण्णीर आणि बिसिनीर असे दोन रकाने अज्जींच्या नातीने वहीत आखले. सगळीकडेच पाणी कमी असेल तर दोष मुळाशी, म्हणजे टाकी, जाळी, पंप किंवा वीज. फक्त शॉवरला कमी असेल तर दोष शॉवरच्या तोंडात, त्याच्या नळीत किंवा कॉकमध्ये. फक्त गरम पाणी कमी असेल तर गिझरकडे बघायचे. एवढे कळले की निम्मे काम झाले, कारण मग आपण चांगला भाग उगाच खोलत बसत नाही.

त्या दिवशीचे आकडे असे होते. ओट्यावरचा नळ १६ सेकंद, शॉवर ३० सेकंद. म्हणजे शॉवरमधून मिनिटाला दोनच लिटर. बऱ्या आंघोळीला निदान पाच-सहा लिटर तरी लागते. पंप मात्र गप्प होता. जावयांनी विचारले, ‘पंप चालूच नाही, मग पाणी येतंय कुठून?’

येत होते लेकीच्या घरातून. गाडी अंगणात लावल्याबरोबर घराच्या नळाला बागेची नळी जोडून ती गाडीच्या बाहेरच्या तोंडाला लावली होती. परदेशात कॅरव्हॅन तळांवर असेच करतात. तिथे तळाच्या नळाला तीन-चार किलो दाब असतो, उलट तो कमी करायला मध्ये रेग्युलेटर लावावा लागतो. इथे नळाला पाणी होते घराच्या टाकीचे. घर बैठे. टाकीचा तळ जमिनीपासून साडेचार मीटरवर. गाडीचा पत्रा जमिनीपासून उंच, त्यावर शॉवर, म्हणजे शॉवरचे तोंड साधारण अडीच मीटरवर. उरली उंची दोन मीटर. आणि त्या दोन मीटरच्या जोरावर पाण्याने वीस मीटर अर्ध्या इंची नळीतून यायचे!

नळीच्या जाडीचा प्रश्न आपण फार हलका समजतो. त्याच गतीने तेवढेच पाणी न्यायचे असेल तर नळीचा व्यास निम्मा केला की वाटेत घासून वाया जाणारा दाब दुप्पट किंवा चौपट नव्हे, जवळजवळ बत्तीस पट होतो. अर्ध्या इंचीऐवजी पाऊण इंची नळी घेतली तर तोच तोटा सातआठ पटींनी कमी. घरात जुन्या जीआय पाइपला आतून गंज चढला की बाहेरून अर्ध्या इंचीचा दिसणारा पाइप आतून पेन्सिलीएवढा उरतो. त्याला पंप लावून काय उपयोग?

उपाय एका मिनिटाचा होता. घरची नळी गाडीच्या टाकीत सोडायची, सावकाश का होईना टाकी भरू द्यायची, नळी काढायची आणि आंघोळीला आपला पंप चालू करायचा. दाबासाठी दुसऱ्याच्या टाकीवर अवलंबून राहायचेच नाही. आपल्याकडच्या गावांत, धर्मशाळांत, पेट्रोल पंपांवर, शेतातल्या घरी, जिथे जिथे गाडी लावाल तिथे नळाला दाब असेलच असे धरू नका.

पंपाचे बोलणे

पंप लावल्यावर ओट्यावरचा नळ ९ सेकंदांवर आला. शॉवर मात्र २० सेकंदांवरच. सुधारला, पण पुरेसा नाही. आता दोष दोन ठिकाणी आहे हे उघड झाले: थोडा मुळाशी, बराचसा शॉवरशी.

मुळाशी काय आहे ते पंपाच्या आवाजावरून पुष्कळ कळते. शॉवर उघडा असतानाही पंप अडखळत, थांबून-थांबून, टकटक करत चालत असेल तर पंप ठीक आहे. पुढे कुठेतरी वाट अडली आहे म्हणून दाब साचतो आणि पंप थांबतो. पंप सलग, हलका आवाज करत पळतो आणि पाणी थुंकल्यासारखे, हवेसह येते, तर टाकी आणि पंप यांच्यामधल्या जोडात हवा शिरते आहे. क्लिप आवळा, वायसर बदला. आणि पंपाचा आवाज जड, दमल्यासारखा असेल तर त्याला वीज पुरत नाही. आणखी एक चौथा प्रकार असतो. पाणी सुरुवातीला झकास येते आणि चार-पाच मिनिटांत कमी होत जाते. टाकीचे झाकण उघडले की आत हवा ओढल्याचा आवाज येतो. टाकीची हवेची नळी बुजलेली असते, बहुधा गांधीलमाशीने तिथे मातीचे घर केलेले असते.

या गाडीचा पंप दमलेला होता आणि थोडा अडखळतही होता. जावयांनी मल्टिमीटर आणला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. पंप चालू ठेवून पंपाच्या टोकांवर मोजले तर १०.८. हे मोजमाप पंप चालू असतानाच करायचे, बंद पंपावर सगळे ठीकच दिसते. मधले जवळजवळ दोन व्होल्ट वायरीत जात होते. गाडी बांधताना दिव्याच्या बारीक वायरीलाच पंपाची वायर पिळून जोडली होती, वर चिकटपट्टी. इथे कारागिराच्या सल्ल्याची खरी किंमत कळते. मोठा पंप बसवला असता तर त्याने जास्त करंट ओढला असता, त्याच बारीक वायरीत आणखी व्होल्ट गेले असते आणि वायर तापली असती. पाणी जेमतेम तेवढेच आणि वर लाकडी पलंगाखाली गरम वायर! गोविंदपुऱ्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासात बॅटरीपासून पंपापर्यंत जाड वायर स्वतंत्र ओढून दिली, मध्ये पंपाच्या मापाचा फ्यूज. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा घालणारे महाभाग असतात. तसे करू नये, फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो.

मग जाळी. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक टोपणाची एक छोटी गाळणी असते. पंप विकत घेताना ती डब्यात सुटी येते आणि बसवणारा कधी कधी ती लावतच नाही, कधी लावून विसरतो. इथे लावली होती हे भाग्य. उघडल्यावर आत निघाले काय? पांढऱ्या प्लॅस्टिकचा किस. नव्या टाकीला भोके पाडताना आत पडलेला तो किस अकराशे किलोमीटर हिंदकळत हिंदकळत जाळीवर येऊन बसला होता, त्यावर वाटेतल्या पाण्याची तांबूस माती. नवीन गाडीला पहिल्या प्रवासात ही जाळी उघडणे हा पहिला उपाय समजावा. जाळी धुतली, वायर बदलली आणि ओट्यावरचा नळ सात सेकंदांवर आला.

चिंच, लिंबू आणि शॉवरचे तोंड

राहिला शॉवर. हा खास अमेरिकेहून भाच्याने पाठवलेला, मोठ्या तबकडीचा, पावसासारखा. दुकानात असले शॉवर फार देखणे दिसतात. पण हिशेब करा. तेवढेच पाणी शंभर भोकांतून सोडले तर प्रत्येक भोकाच्या वाट्याला थेंबच येणार. कमी पाण्याच्या जागी तोंड लहान, भोके बारीक आणि थोडी हवीत. पाणी तेवढेच राहते पण धार टोचते, साबण निघतो. मागे एक छोटी चकतीही होती. अमेरिकेत १९९४ पासून शॉवरला मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटरची मर्यादा आहे, आणि ती मोजतात ८० पौंड दाबाला. दाब एक चतुर्थांश झाला की पाणी निम्मे होते. म्हणजे तिकडचा साडेनऊ लिटरचा शॉवर २० पौंड दाबावर पाच लिटरही देत नाही. चकती काढावी का? घरात, टाकी जवळ असेल तर काढायला हरकत नाही. गाडीत मी तरी काढणार नाही, त्याचे कारण पुढे येतेच.

भोकांत पांढरे क्षार बसले होते. गाडीवर चढण्याआधी हाच शॉवर सहा महिने घरी बोअरच्या पाण्यावर लागलेला, त्याची ही पुंजी. तलावाच्या किंवा धरणाच्या पाण्यापेक्षा बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, आणि गरम केले की ते लवकर धरतात. तांब्याचा हंडा आपण चिंचेने घासतो, त्यामागचे तत्त्व इथेही चालते: आंबटाने क्षार विरघळतात. पण चिंचेचा चोथा भोकांत अडकेल. म्हणून लिंबूसत्व, दुकानात पांढऱ्या खड्यांत मिळते ते, कोमट पाण्यात दोन चमचे घालून त्यात शॉवरचे तोंड तासभर बुडवायचे. बारीक बुडबुडे येतात, म्हणजे काम चालले आहे. साधे व्हिनेगरही चालते. मग जुन्या दातांच्या ब्रशने घासून, सुई न घालता, उलट बाजूने पाणी सोडून धुवायचे. सुईने भोके मोठी होतात आणि धारा वाकड्या जातात. संडास धुण्याचे ॲसिड मात्र वापरू नये. त्याने वरचा मुलामा जातो, रबर खराब होते, आणि बंद न्हाणीघरात त्याची वाफ छातीत जाते.

तोंड स्वच्छ करून लावल्यावर थंड पाण्याला १३ सेकंद लागले. मोठ्या तबकडीऐवजी भोपाळच्या न्यू मार्केटमधून आणलेला साधा, हातात धरायचा, बंद-चालूचे बटण असलेला शॉवर लावला तर १० सेकंद. मिनिटाला सहा लिटर. गरम पाण्याला मात्र १८. म्हणजे आता एकच जागा उरली: गिझर. त्याच्या थंड पाण्याच्या तोंडाशीही एक बोटाच्या पेराएवढी जाळी असते, तिथे पुन्हा तोच प्लॅस्टिकचा किस. वीज आणि गॅस दोन्ही बंद करून, पाणी थंड होऊ देऊन ती काढली. वहीत शेवटचा आकडा पडला ११.

दुसऱ्या दिवशी अज्जी स्टुलावर बसून एकट्या न्हाल्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘साकु.’ पुरे झाले, या अर्थाने की पुरेसे झाले, हे ज्याचे त्याने समजावे. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि रविवारी सगळी मंडळी सांचीला गेली.

जोर हवा, पाणी नको

गाडीच्या टाकीत होते नव्वद लिटर. सहा लिटरच्या शॉवरखाली सलग उभे राहिले तर पंधरा मिनिटांत टाकी रिकामी, आणि खाली सांडपाण्याची टाकी भरलेली. मोठा पंप बसवून दहा लिटर केले असते तर नऊ मिनिटांत. म्हणून चकती काढू नये म्हटले. गाडीतल्या शॉवरला जोर हवा पण पाणी फार नको, आणि हे दोन्ही साधते ते बारीक भोकांच्या तोंडाने आणि बटणाने. अंग भिजवा, बटण बंद, साबण, बटण चालू. बटण बंद केल्यावर गरम-थंडचे प्रमाण बदलत नाही, त्यामुळे चटका बसत नाही. पाच माणसांना असे पन्नास-साठ लिटर पुरते. गड्यामाणसांनी बादली घ्यावी हे उत्तम. बादली-तांब्याला दाब शून्य लागतो आणि आपल्या बच्चलमनीत हजार वर्षे तेवढ्यावरच भागले आहे.

नळाच्या सरकारी पाइपला थेट मोटार लावून पाणी ओढणे हा उपाय कुणी सुचवला तर त्याला नम्रपणे दार दाखवावे. बहुतेक नगरपालिकांत ते नियमाविरुद्ध आहे हा एक भाग झाला. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. पाइपात दाब असतो तोवर गळक्या जोडातून पाणी बाहेर जाते. मोटारीने ओढले की त्याच जोडातून बाहेरचे गटाराचे पाणी आत येते, आणि ते फक्त आपल्या नाही, शेजाऱ्याच्याही माठात जाते. मोटार लावायचीच तर आधी जमिनीवरच्या टाकीत पाणी घ्यावे आणि त्या टाकीतून ओढावे.

भोपाळात पाण्याच्या जोराआधी पाणी कुठले हे विचारायची सवय आहे, आणि तिला कारण आहे. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याभोवतालच्या वस्त्यांत जमिनीखालचे पाणी दूषित झाल्याचे आढळले. तिथे नळाचे स्वच्छ पाणी मिळावे म्हणून लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. एकोणिसाव्या शतकात ज्या शहरात कुदसिया बेगमेने रहिवाशांसाठी नळाचे पाणी आणले, त्याच शहराची ही गोष्ट. गाडीची टाकी भरताना वाटेत दिसेल तो हातपंप किंवा बोअर धरू नये, पालिकेच्या माहितीच्या नळावरच भरावी. आणि पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे.

ज्यांच्याकडे गाडी नाही, आणि बहुतेक वाचकांकडे नसेलच, त्यांनी लोट्याची ही मोजणी घरी करून बघावी. बेळगावच्या ज्या प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाण्याची योजना आली, तिथे कुणी गच्चीवरची टाकी अजून वापरत असेल तर थेट नळ आणि टाकीचा नळ दोन्ही मोजून बघा, फरक कळेल. इतरांनी वरच्या मजल्याचा शॉवर आणि खालचा नळ मोजावा. शॉवरचे तोंड काढून नुसत्या पाइपातून येणारे पाणी मोजले की दोष तोंडात की पाइपात हे लगेच समजते. पाइपातूनच कमी येत असेल तर टाकीपासून खाली येणारा पाइप एक इंची करून घ्यावा, टाकीला दीड-दोन मीटरचा चौथरा द्यावा, आणि एवढे करूनही भागले नाही तरच टाकीनंतर छोटा प्रेशर पंप लावण्याचा विचार करावा. क्रम उलटा केला की पैसा जातो.

गाडीवाल्यांसाठी एक राहिले. परतल्यावर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी, गिझर आणि शॉवरची नळी पूर्ण रिकामी करून तोंडे उघडी ठेवावीत. साचलेल्या पाण्याला वास येतो आणि पंपाचा पडदा चिकटतो. आमच्या मंडळींनी परतीच्या वाटेवर धुळ्याला मुक्कामात जाळी पुन्हा उघडली. आत किस होताच, पण या वेळी चिमूटभर.